आरशावरची फुंकर

रविवारी शिवलिंगप्पा जेवताना तीनदा ताटावरून उठले. तिन्ही वेळा फोन समराचाच होता.

"अगं, घाई करू नको की. टॉर्च समोरून न्हाय, आडवी धर. आरशावर फुंकर मारली की येतं बघ, तेवढंच धुकट दिसायला पाहिजे. मग सीड टाक."

मोहोळ रस्त्यावरच्या एका औषध कारखान्यात ते तीस वर्षांपासून टेक्निशियन होते. रिॲक्टरमधला गरम द्राव हळूहळू थंड होत असताना नेमक्या क्षणी त्यात तयार स्फटिकांची भुकटी, म्हणजे सीड, टाकायची. लवकर टाकली तर ती विरघळून जाते, उशीर झाला तर सगळा माल एकदम गोळा होऊन बसतो. पॅनेलवर तापमान दिसे, पण तो क्षण अप्पा काचेतून बघून ओळखत. दोन वर्षांपूर्वी समरा तिथं कामाला लागली आणि ती नजर ते तिला देऊ लागले.

रुद्राणी, त्यांची एकुलती एक लेक, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. स्फटिकीकरणाचा धडा ती दरवर्षी पुस्तकातून शिकवी. आरशावरच्या फुंकरीबद्दल तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"आलं? म्हणलं नव्हतं का मी!" फोनवरच अप्पांचा चेहरा खुलला.

"दुसरी लेकच हाय तुमची ती," कस्तुराबाई हसून नवऱ्याला म्हणाल्या.

"लेकच की! हिच्यापेक्षा जास्त फोन करती."

रुद्राणीही हसली. अप्पांच्या ताटातली भाकरी गार झाली होती. तिनं मुद्दामच दुसरी गरम वाढली नाही.

सोमवारी दुपारी कंपनीच्या बसमधून परत येताना अप्पांच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

मातीच्या दिवशी समरा आली ती "अप्पा, अप्पा" करत दारातच कोसळली. बायकांनी तिला सावरलं, पाणी पाजलं. एका मावशीनं विचारलं, "ही कोण गं?"

"कंपनीतली," रुद्राणी म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते. अप्पा हा शब्द आपला आहे, तो हिला कुणी दिला, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. दारात बाप निजवलेला असताना असं मनात यावं याची तिला लाजही वाटली नाही.

पंधरा दिवसांनी सकाळची पाळी संपवून समरा पुन्हा आली. आई देवळात गेली होती. रुद्राणीनं चहा ठेवला.

"ताई, आज कुणाला न विचारता सीड टाकलं. बॅच चांगली निघाली."

"मग? इथं सांगायला आलीस?"

"दुसरं कुणाला सांगू?" समरा उकळत्या चहाकडे बघत म्हणाली. "खरं सांगू का ताई, तुमचा लई राग यायचा मला. काही चुकलं की अप्पा म्हणायचे, माझी रुद्राणी असती तर दोन दिवसांत शिकली असती. मठ्ठ हायस तू."

रुद्राणीनं गॅस बंद केला. "मग मला का नाही शिकवलं?"

"तिला आमचा वास सोसत न्हाय, म्हणायचे. शाळेत तुम्ही नाक दाबलं होतं म्हणे."

आठवी. गॅदरिंग. अप्पा पाळीवरून तसेच, अंगाला केमिकलचा वास घेऊन आले होते, आणि मैत्रिणींसमोर तिनं चिमटीत नाक धरलं होतं. सगळ्या हसल्या. अप्पाही हसले. पुढं दहावीनंतर फॉर्म भरताना त्यांनी दुसरीकडेच बघत विचारलं होतं, "केमिकल डिप्लोमाला टाकायचं का?" ते "चल माझ्याबरोबर" म्हणतील म्हणून ती थांबली होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी अकरावी सायन्स लिहिलं. त्याचा राग तिनं पंधरा वर्षं जपला होता.

"समरा, मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो."

समरानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"वासाचं मला काही नव्हतं," रुद्राणी म्हणाली. आता ती समराशी बोलत नव्हती. "मला प्लांटमध्येच यायचं होतं. अप्पा, मला तुमच्याबरोबर यायचं होतं."