सैंधवातल्या करवल्या

दुर्गाघाटावरच्या कालिंदीबाईंच्या स्वयंपाकघरात बाजारचे मीठ येत नसे. ज्या अन्नाचा बालाजीला नैवेद्य दाखवायचा, त्यात कारखान्यातले आयोडीनचे औषध मिसळायचे नाही, असा त्यांचा दंडक. म्हणून बारमाही सैंधव. सून पद्मा लग्न होऊन आली ती त्याच मिठावर राहिली, आणि यंदा तिचा गळा सुजला. एका सर्जनने शस्त्रक्रियाच सांगितली. पद्मा म्हणाली, “चला, गळा सुजल्यानं सैल ठुशी तरी घट्ट बसतेय!” कालिंदीबाईंनी मात्र लगेच ऋताला बोलावले.

त्यांची भाची ऋता विद्यापीठात ग्रंथींवर संशोधन करी. तिनेच पद्माची तपासणी करवून घेतली आणि निकाल सांगायला आली.

“मावशी, चिरायचं काही कारण नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी उपाशी आहे. तपासणीला दिलेलं आयोडीन तिनं अधाशासारखं ओढून घेतलं.”

“उपाशी? माझ्या घरात?”

“ऐक तर. ग्रंथीच्या पेशीला दार असतं, एका प्रथिनाचं. गेल्याच वर्षी, शहाण्णव साली, त्याची नेमकी ओळख पटली. आयोडीन म्हणजे नवरी. ती एकटी आत शिरत नाही. सोडियमच्या दोन करवल्या तिला धरून नेतात. त्यांनाच आत जायची घाई, त्यांच्या ओढीनं नवरीही जाते.”

“मग सैंधवात सोडियम नाही का?” कालिंदीबाईंनी विचारले.

“भरपूर! करवल्याच करवल्या. नवरी कुठंय?”

पद्मा खुदकन हसली. “बघा आई, माझ्या गळ्यात मांडव पडलाय आणि नवरीचाच पत्ता नाही!”

“म्हणून तर ग्रंथी दारं वाढवत, मांडव फुगवत बसलीय,” ऋता म्हणाली.

कालिंदीबाईंनी उंबऱ्याकडे पाहिले. त्यांच्या उंबऱ्यावर आजवर कुणी तिष्ठत राहिले नव्हते. मग खणखणीत आवाज निघाला, “ऋते, ऊठ. आयोडीनवालं नमक आण. पुडी सीलबंद हवी.”

“आणि नैवेद्य, आई?” पद्माने भीत भीत विचारले.

“त्यात सैंधवच. देवाचा गळा सुजलेला नाही!”

ऋता पुडी घेऊन दारात आली, तोच बाईंनी तिला थांबवले. पुडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच आत घेतले. दुपारी पद्माच्या पानात पहिले मीठ त्यांनी स्वतः वाढले.

“घे. नवरी आणलीय. करवल्यांना म्हणावं, खोळंबा पुरे.”

सूज उतरायला होळी उजाडली. ठुशी पुन्हा सैल झाली, म्हणून पद्मा कुरकुरली. कालिंदीबाईंनी ठुशी आवळून घ्यायला सोनाराकडे धाडली. पण नवी पुडी आली की भाकरतुकडा काही चुकवला नाही.