चारची गोळी

मनालीला जाग आली तेव्हा पाचाला वीस कमी होते. चारची गोळी राहिली!

गिरगावातल्या त्या वृद्धाश्रमात आठ म्हातारी माणसं आणि दुपारी त्यांच्यासाठी एकटी मनाली नर्स. रजिस्टरात मात्र चारच्या रकान्यात तिच्या आठही सह्या सकाळीच झोकात पडलेल्या. तिथला रिवाजच झाला होता तो. दिवसभराच्या सह्या सकाळच्या चहाबरोबर उरकायच्या आणि गोळ्या मग आपल्या सवडीने. शेवंतीसिस्टर होत्या तोवर असलं काही करायची कुणाची छाती नव्हती. गोळी घशाखाली उतरल्याशिवाय सही नाही, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर सगळ्यांदेखत उद्धार. पण सिस्टरना देवाघरी जाऊन पंधरवडा झाला होता आणि त्यांच्या मागोमाग शिस्तही गेली होती.

कमरेची किल्ली काढून मनालीने कपाट उघडलं, नावं लिहिलेल्या डब्यांचा ट्रे उचलला आणि धावली. पहिल्या खाटेवर रघुवीर कोठारे. जन्म गेला कारकुनीत, पण तोरा अजून साहेबाचा.

"काका, गोळी घ्या."

"किती वेळा देशील? चारच्या ठोक्याला घेतली की."

"कुणी दिली?"

"शेवंतीने. तुझ्यावर जाम भडकलीय हां ती."

म्हातारी माणसं गेलेल्यांशी बोलतात, त्यात नवल नव्हतं. मनालीने हसत डबी उघडली. डबी रिकामी.

सकाळी भरायलाच विसरले की काय? की खरंच पोटात गेली? हृदयाचं औषध. दुसऱ्यांदा दिलं तर ठोके मंदावून माणूस हातचा जायचा, आणि नाही दिलं तरी धोकाच. रजिस्टर बघून काय कळणार, तिथे तिचीच सही! स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं तिला.

"मलाही दिली गं," पलीकडून नलूआजी म्हणाल्या. "हात गार होते तिचे."

मनालीने भराभर डब्या उघडल्या. सात रिकाम्या. आठवीत गोळी होती, कमलाकांत धुरंधरांची. म्हणजे सकाळी डब्या भरल्या होत्या. आणि किल्ली तर दिवसभर तिच्याच कमरेला होती.

कमलाकांत खिडकीशी उशीला टेकून बसले होते. कधी कुणाला उलट न बोललेला माणूस.

"काका, तुमची राहिली."

"राहिली नाही गं. शेवंती इथेच बसली होती. म्हणाली, तुम्हाला आता नको."

मनालीने गोळी त्यांच्या तोंडाशी नेली. "काही नको नाही, घ्या म्हणते ना!" ती ओरडलीच. त्यांनी मुकाट्याने आ केला, गोळी गिळली. तिने मनगट धरलं. ठोके लागत होते, पण फार सावकाश. दुसऱ्या हाताने तिने डॉक्टरांना फोन लावला. वीस मिनिटांत पोचतो, म्हणाले.

"माझं चुकलं हो, काका," ती रडायला लागली. "झोप लागली मला."

"रडू नकोस. डॉक्टरांना कशाला धावायला लावतेस?" कमलाकांतांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचाला सात कमी होते. "ती पाचला येते म्हणालीय. माझे केस जरा विंचरून दे."