रस्त्याला भोक न पाडणारा तवा

मित्रांनो, मी एक जुना घनतामापक आहे. नाव ऐकून जांभई आली असेल तर खुशाल द्या, मला सवय आहे. कामावरची माणसं मला 'तवा' म्हणतात, कारण माझं पोट गोल नि सपाट आहे आणि वर धरायला दांडा आहे. दांड्याच्या टोकाला छोटा पडदा आहे, त्यावर आकडा उमटतो. आजवर सगळ्यांनी त्या आकड्याकडेच पाहिलं. माझ्याकडे पाहणारा एकच माणूस भेटला आणि त्याचं काय झालं तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझं काम तसं सोपं. डांबराचा गरम थर अंथरला की रोलर त्याला दाबतो. नीट दाबला तर आत पोकळी राहत नाही आणि रस्ता टिकतो. अर्धवट दाबला तर पाणी आत शिरतं, खडी सुटते आणि एके दिवशी तुमची सायकल खड्ड्यात जाते. थर किती घट्ट बसलाय हे वरून दिसत नाही. मी त्याच्यावर बसतो, पोटातून अगदी हलकी वीज खाली सोडतो आणि खालचा थर तिला कसं उत्तर देतो त्यावरून आतलं ओळखतो. रस्त्याला ओरखडासुद्धा उठत नाही.

माझ्याआधी हे काम कोअर काढून चालायचं. कोअर म्हणजे रस्त्याला भोक पाडून काढलेला गोल तुकडा. तो प्रयोगशाळेत नेऊन आधी हवेत आणि मग पाण्यात तोलायचे. उत्तर खरं यायचं, पण उशिरा, आणि नव्याकोऱ्या रस्त्याला ठिगळ लागायचं ते वेगळंच. माझं उत्तर लगेच यायचं, पण त्याचा भरवसा नव्हता. थर ओला असला की मी फुगवून सांगायचो, खडी बदलली की गोंधळायचो. म्हणून सुरुवातीची वर्षं मी सामानाच्या खोलीत फुटक्या टोप्यांशेजारी काढली. मुकादम माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचा.

तिथून मला उचललं ते इस्त्रीकाकांनी. ते दोन नंबरचा रोलर चालवत. त्यांनी दाबलेला रस्ता कडक इस्त्रीच्या शर्टासारखा दिसायचा, म्हणून हे नाव. त्यांनी मला फडक्याने पुसलं आणि नव्या इंजिनिअर मॅडमच्या हातात दिलं. मॅडम म्हणजे त्यांचीच मुलगी. कामावर ते तिला 'मॅडम' म्हणत आणि मॅडम त्यांना 'काका' म्हणत. संध्याकाळी गाडीचं दार लागलं की मगच 'बाबा' आणि 'पोरी' सुरू व्हायचं.

मॅडमनी मला शिकवायला घेतलं. जिथे कोअर काढायचा, तिथे आधी मला ठेवायचं. माझा आकडा टिपायचा. सोबत थर किती गरम, किती ओला, किती जाड, खडी कुठली आणि रोलर कोणत्या नंबरचा, हेही टिपायचं. मग कोअरचं खरं उत्तर आलं की दोन्ही संगणकाला द्यायचं. मी कुठल्या परिस्थितीत किती चुकतो, हे संगणक स्वतःच हुडकायचा. याला मशीन लर्निंग म्हणतात. पुष्कळ कोअर झाल्यावर ते सगळं शिक्षण माझ्या पडद्यामागे बसवलं गेलं. आधी मला नुसतं पोट होतं, आता डोकं आलं. पोटाने सांगायचं, डोक्याने दुरुस्त करायचं आणि मग आकडा उमटायचा. कानामागून आलं आणि तिखट झालं, तसं ते डोकं.

पण माझं उत्तर कोअरशी जुळू लागलं, हे खरं. मोठ्या साहेबांनी मला स्वतः उचलून पाहिलं. कोअर काढायचं यंत्र तेल लावून झाकून ठेवलं. सामानाची खोली गळायची, म्हणून मॅडम मला रोज घरी नेऊ लागल्या. काका मला जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "सांग रे तव्या, आमचं टेबल किती घट्ट?" मग माझं पोट पुसायचे. आपल्या मुलीने दगडाला बोलतं केलं, असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले होते.

आता यातली मेख ऐका. रस्ता दोन पट्ट्यांत अंथरतात आणि मधे सांधा पडतो. सांधा आणि कडा दाबायला सगळ्यात अवघड. तिथे थर लवकर गार होतो, कितीही नीट दाबला तरी मधल्या भागाइतका घट्ट बसत नाही. मुकादम ते सगळं काकांना द्यायचा. "सांधा? काकांना सांग. कड? काकांना सांग." मधला सोपा भाग एक नंबरचा रोलर दाबायचा. तो चालवणाऱ्या पोराला झटपट म्हणत, कारण त्याचं जेवणसुद्धा झटपट व्हायचं. काकांना सांधे मिळतात, हे कामावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच ते कुणी टिपलं नाही. जागा मधली की सांध्याची, एवढी एकच गोष्ट मॅडमनी संगणकाला दिली नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझं डोकं एवढंच शिकलं, की दोन नंबरचा रोलर फिरला की थर ढिला असतो.

त्यानंतर नवं काम लागलं. तिथे अख्खी रुंदी एकदम अंथरणारं यंत्र आलं. सांधाच उरला नाही. दोन्ही रोलर सारखंच काम करू लागले. पहिल्याच दिवशी काकांच्या भागावर मला ठेवलं. खालचा थर इतका घट्ट होता की माझ्या पोटाला समाधान वाटलं. डोक्याने दोन नंबर पाहिला आणि आकडा खाली ओढला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

मुकादमाने आकडा वाचला आणि काकांकडे पाहिलं. "काय काका, आज लक्ष कुठे होतं?"

दुसऱ्या दिवशीही लाल. तिसऱ्या दिवशीही लाल. झटपटचा भाग मात्र रोज हिरवा. माणसं हसू लागली. कुणीतरी म्हणालं, "इस्त्री गार झाली." ज्यांना काकांनी रोलर शिकवला होता, तेही हसले. माणसाची पडती बाजू दिसली की हसायला वेळ लागत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे.

काका एकदा मॅडमकडे आले. टोपी हातात घेऊन, सगळ्यांसारखे. "मॅडम, एक कोअर काढू या का? माझ्या भागावर. एकच."

मॅडम माझ्या पडद्याकडे पाहत होत्या. "काका, आता कोअर बंद केलेत. मीच बंद करायला लावलेत."

"ते माहीत आहे. पण मनाची खात्री—"

"तुमच्यासाठी काढला तर लोक काय म्हणतील? बापाला सवलत दिली म्हणतील. नियम सगळ्यांना सारखाच हवा."

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले आणि टोपी घालून गेले. मॅडमना त्या दिवशी आपण किती न्यायाने वागलो याचं बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मला नेहमीपेक्षा हळू खाली ठेवलं.

काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हे मला आजही सोसत नाही. ते भांडले असते, मला लाथ घातली असती, तर चाललं असतं. पण मुलीने शिकवलेलं यंत्र खोटं कसं सांगेल? मग खोट आपल्यातच. ते जास्त फेऱ्या मारू लागले. थर गार होऊन घट्ट झाला तरी रोलर फिरतच राहायचा. गार थरावर जास्त रोलर फिरला की खडी फुटते, बारीक भेगा पडतात. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण घाबरलेला माणूस ठाऊक असलेलंच आधी विसरतो. आता माझ्या पोटालाही थर खरोखर ढिला लागू लागला. डोकं आणि पोट यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मुकादमाने त्यांना रोलरवरून उतरवलं आणि हातात लाल झेंडी दिली. कामाच्या टोकाला उभं राहून गाड्या थांबवायच्या. जिथे आयुष्यभर रस्ता केला, तिथे धूळ खात उभं राहायचं. आपला रोलर जवळून गेला की काका पाठ फिरवत. घरी टेबलावर मला ठेवलं तरी आता ते मला काही विचारत नसत. पुसत मात्र होते.

दोन नंबरचा रोलर जास्त चांगला होता, म्हणून तो झटपटला मिळाला. पहिल्याच दिवशी त्याचा भाग लाल. झटपट खाली उतरला आणि त्याने माझ्या दांड्याला हिसका दिला. "हा तवा करपलाय. कोअर काढा. आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर मी चाललो."

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. हा तर नुसता गळा काढत होता. रोलर चालवणारा दुसरा कुणी मिळेना, म्हणून मुकादमाने कोअरच्या यंत्रावरचं कापड काढलं आणि त्याच दुपारी कोअर निघाला. बापाला जो कोअर मिळाला नाही, तो या पोराला ओरडून मिळाला. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून निरोप आला, थर उत्तम आहे.

मॅडम हुशार आहेत. त्यांना कारण सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी रोलरचा नंबर काढून टाकला, सांध्याची नोंद घातली आणि माझं डोकं नव्याने शिकवलं. मग काकांच्या भागांचे जुने आकडे त्यांनी पुन्हा मोजून पाहिले. संगणकावर एकेक लाल ओळ हिरवी होत गेली. काका घाबरून जास्त फेऱ्या मारू लागले, तिथपर्यंत सगळं हिरवं होतं. मॅडम त्या ओळींकडे बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी संगणक बंद केला. बैल गेला आणि झोपा केला, पण निदान कुणाचा बैल गेला ते तरी सांगायला हवं होतं.

संध्याकाळी मी टेबलावर होतो. काका फडकं घेऊन बसले होते.

"परवा झटपटच्या भागावर कोअर काढला म्हणे," ते म्हणाले. झेंडीच्या टोकापर्यंत एवढीच बातमी पोचली होती, माझ्या लाल आकड्याची नाही.

"हो."

"काय निघालं?"

"चांगला निघाला."

काकांनी मान हलवली. "म्हणजे पोरगा तयार झाला. त्याच रोलरवर त्याला जमतंय. मला वाटायचं, रोलरातच काही असेल. उगाच शंका होती मनात. फिटली. माझेच हात गेले होते."

मॅडमनी तोंड उघडलं. खरं काय ते सांगायचं, तर आधी आपण कोअर का नाकारला तेही सांगावं लागणार होतं. मोठ्या साहेबांकडे त्यांचं नाव वरच्या जागेसाठी गेलं होतं. "जेवून घ्या बाबा," त्या म्हणाल्या, "गार होतंय." उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं असेल. त्यानंतर पुष्कळ उद्या येऊन गेले.

आता माझ्यासारख्याच्या गोष्टीच्या शेवटी काय येतं, ते तुम्हाला माहीत आहे. आमची काळजी घ्या, आम्हाला पुसून ठेवा, फेकू नका. मित्रांनो, माझी काळजी उत्तम घेतली जाते. मला कातडी पिशवी शिवली आहे. झेंडी धरणाऱ्याला मात्र साधी सावली नाही. मोठ्या माणसांना माझा फक्त आकडा दिसतो, म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे. कुठे रस्त्याचं काम चालू असेल आणि टोकाला लाल झेंडी घेतलेले एक आजोबा दिसले, रोलर जवळ आला की पाठ फिरवणारे, तर सायकलवरून उतरा. त्यांना सांगा, तुमचे हात गेले नव्हते. जरा मोठ्याने सांगा, तिथे गाड्यांचा आवाज फार असतो.