पोचले

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे. वासंतीकाकींच्या हातून नोट सुटताना नोटच रडते. म्हणोत बापडे. पण महिनाअखेरीला साखरेची वाटी घेऊन तेच माझ्या दारात उभे असतात, तेव्हा त्यांनी तरी हसू नये. परळच्या एका पोळी-भाजी केंद्रात मी दिवसभर पोळ्या लाटते. त्यात भाडं, गॅस, गुडघ्याची औषधं सगळं भागवते आणि कोणापुढे हात पसरत नाही.

माझी खरी परीक्षा गणपतीत. कोकणातल्या माणसाला गणपतीत गाव चुकत नाही, आणि गावी जाणं म्हणजे नुसतं तिकीट नव्हे. जावेला साडी, तिच्या पोरांना कपडे, दादरहून मिठाई, भजनाला आलेल्यांचा चहा-उसळ, वर घरच्या गणपतीच्या खर्चातली आमची वाटणी. आमचे हे वारल्यावर मी एकदाच गेले. सगळं रीतीनं केलं, आणि परत आल्यावर दिवाळीपर्यंत पेज-लोणच्यावर दिवस काढले. माझा दीर अजित स्वभावानं गरीब. त्याच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाला, "वैनी, पुढच्या वर्षापासून नुसती वाटणी पाठवलीत तरी चालात. उगाच खर्चात पडू नकात." मला हिशेब पटला.

तेव्हापासून दर गणपतीला मोबाईलवरून वाटणी जाते आणि अजितचा मेसेज येतो, 'पोचले.' चाळीतले सगळे त्या दिवसांत फोनवर एकमेकांना 'पोचलात काय?' म्हणून विचारत असतात. मला कोणी कशाला विचारेल? माझे पैसे पोचतात.

यंदा होळीच्या सुमारास तापानं पडले. स्वतःच काढा करून स्वतःच प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा अचानक गावच्या माजघरातली आरती आठवली. माझी सासू, आम्ही आये म्हणतो, टाळ्या कायम चुकीच्या वाजवते आणि वर आम्हालाच डोळे वटारते. मला इतकं रडू आलं की तापाचं निमित्त झालं असं म्हणायचीही सोय नव्हती. त्याच दिवशी ठरवलं, यंदा जायचं.

मग काय, हात आणखी आखडला. संध्याकाळचा चहा बिनदुधाचा. टीव्हीचा रिचार्ज बंद. परळहून घरी चालत. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तिकीट निघतं. जावेला, मृणालिनीला, मोरपंखी साडी घेतली, आयेला मऊ सुती नऊवारी. चाळीतून कोकणात जी बस निघते तिची व्यवस्था बघणाऱ्या राहुलशी भांडून खिडकीजवळची जागा मिळवली. शेजारच्या पूर्वीला सांगितलं तर तिचा चेहराच पडला. "काकी, तुम्ही पण चाललात? मग माझ्या तुळशीला पाणी कोण घालणार?"

सगळं झालं, नेहमीची वाटणीही पाठवून झाली, तेव्हा अजितला फोन केला. म्हटलं, आधी त्याचा चकित झालेला आवाज तरी ऐकू.

मी 'हॅलो' म्हणायच्या आत तो म्हणाला, "पोचले हां, वैनी! कालच पोचले. सांगूचा रवला."

"अरे, पैशांसाठी नाही केला फोन—"

"यंदा माटवी नवीन केली, गणपतीच्या डोक्यावरची. जुनीक वाळवी लागली होती. आणि पावणे विचारू नकात. मृणालिनीच्या माहेरची सगळी येतत, तुमच्या खोलयेत त्यांचीच सोय केली. हयसर पाय ठेवूक जागा नाय. तुमचा बरा, मुंबैत शांत."

तो हसला. त्यात वाकडं काही नव्हतं, हेच जास्त लागलं. तोंडावर 'येऊ नका' म्हणाला असता तर मी दोन शब्द सुनावून बसमध्ये चढले असते. पण त्याच्या मनात मी येईन हेच नव्हतं. माझी राहायची, झोपायची जागा कोणी माझ्यापासून काढून घेतली नव्हती. ती रिकामी होती, म्हणून भरली.

"वैनी, कशाक केल्लात फोन?"

"काही नाही रे. पोचले का तेच विचारायला."

बसमधली जागा परत केली. राहुलनं पैसे दिले, तेही मी अजितला पाठवून टाकले, माटवीसाठी म्हणून. लगेच मेसेज आला, 'पोचले. थँक्यू वैनी.' साड्या पिशवीतच राहिल्या. पूर्वी मात्र खूश झाली आणि तिचं बघून आणखी तिघींनी आपापल्या तुळशी माझ्या दाराशी आणून ठेवल्या. काकी आहेतच.

चतुर्थीला लालबागला माणसांचा पूर लोटला होता. ढोल आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू येत होते, पण आमच्या मजल्यावर सगळी कुलपं. केंद्रालाही सुट्टी. मी तुळशींना पाणी घातलं, वरण-भात केला. मोदक नाही केले. एकटीसाठी नारळ कोण फोडणार, आणि नारळाचे भाव काय झालेत!

जेवायला बसले तोच अजितचा फोन. मागे टाळ, भांडी, पोरांचा कल्ला.

"वैनी, जरा आयेशी बोला. तिका आता काय लक्षात रवणा नाय. सकाळपासून तुमचा पान मांडून बसली हा, थंय कोणाक बसूक देणा नाय. दरवर्षीचाच आसा हा तिचा. तुमका उगाच वायट वाटात म्हणून सांगलंव नाय."

दरवर्षीचं. मी काही बोलणार तेवढ्यात तिकडून तो जुना, खरखरीत, रागावलेला आवाज आला.

"वासंती, खंय रवलंस गो? सगळ्यांची पानां वाढून झाली. पोचलंस काय नाय?"

काय सांगू तिला? की तुझ्या सुनेनं येण्याचा खर्च वाचवला?

"पोचलंय, आये," मी म्हटलं. "मागल्या दाराक पाय धुतंय."

"मगे बेगीन ये. पाय पुसून भितूर ये. मोदक निवतत."

फोन कोणीतरी तिच्या हातून घेतला आणि बंद झाला. मी ताटावरून उठले, मोरीत गेले आणि पायांवर पाणी घेतलं.