ओतकामाच्या खोलीतील खिडकी

सूज्ञ वाचकहो, स्त्रीच्या आयुष्यात पाळी जाण्याचा जो काळ येतो, ज्यास ग्रंथांतून रजोनिवृत्ती असे म्हटले जाते, त्या काळात एका मेणबत्तीच्या कारखान्यातील थोरल्या सुनेवर निसर्गोपचाराचा कसा भडिमार झाला व त्यातून तिने आपले स्थान कसे राखले, याचा वृत्तांत येथे सादर करण्यात येत आहे. विषय नाजूक असला तरी घरोघरीचा आहे. सबब संकोच बाजूला ठेवण्यात आला आहे.

कारखाना म्हणजे घरामागच्या तीन खोल्या. एकीत वाती कापल्या जात, दुसरीत माल बांधला जाई आणि तिसरी ओतकामाची. तेथे पत्र्याचे साचे रांगेने उभे असत व थोरली किटलीतून वितळलेले मेण त्यांत सोडी. हे काम ऐऱ्यागैऱ्याचे नव्हे. मेण निवताना मधोमध खड्डा पडतो, तो दुसऱ्या धारेने नेमक्या वेळी भरावा लागतो. आणि वाऱ्याची नुसती झुळूक लागली तरी मेणबत्तीच्या अंगावर तडा जातो. म्हणून त्या खोलीची खिडकी कायमची बंद असे. शिवाय मेण कोणासाठी थांबत नाही, म्हणून एकदा किटली उचलली की सगळे साचे एका दमात भरायचे, अशी त्या घराची रीत होती. थोरली लग्न होऊन आली तेव्हापासून किटली तिच्याच हाती होती. घरात मान म्हणून तिला जे काही होते ते त्या किटलीपाशी होते.

त्या वर्षी मात्र तिच्या अंगात आग शिरली. ओतता ओतता छातीतून ज्वाळ उठावी, तोंड लालबुंद व्हावे, मानेवरून घामाच्या धारा लागाव्यात आणि पाठोपाठ हुडहुडी भरावी. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. पाळी यायची ती महापुरासारखी, नाहीतर महिनोन्महिने तोंड दाखवायची नाही. एके दिवशी जीव इतका घुसमटला की तिने खिडकी उघडली. साचे उकलले तेव्हा निम्म्या मालाला तडे गेलेले.

कारखाना नणंद सांभाळी. तिला सगळे अक्का म्हणत, थोरली वन्सं म्हणे. अक्काने एक तडकलेली मेणबत्ती उचलून नखाने टकटक केली.

"थोरले, तू बरी होईस्तोवर किटली धाकटीकडे. मोठ्या हॉटेलाची ऑर्डर तोंडावर आहे. तिथे असला माल गेला तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

धाकटी जाऊ बिचारी वाती कापणारी. किटली धरली की तिचा हात असा कापे की मेण साच्यात कमी आणि चपलांवर जास्त. तिलाही हा मान नको होता. पण अक्कापुढे बोलणार कोण?

थोरलीचा नवरा साचे घडवी. बायकोवर त्याचा जीव होता. ऐकण्याची सवय तेवढी कमी. तो परस्पर निसर्गोपचार केंद्रात गेला, तेथील बाईंना बायकोची लक्षणे आपल्या मते सांगितली, म्हणजे फार चिडते, फार उकडते, आणि उपाय घेऊन विजयी मुद्रेने परतला. दुसऱ्या दिवसापासून उपचारांची सरबत्ती सुरू झाली. सकाळी भिजवलेले जवस व पालेभाजीचा हिरवा रस. मग पोटावर मातीची पट्टी. मग टबात बसून कटिस्नान. तोही टब कारखान्यातलाच, तळाशी मेणाचे थेंब चिकटलेला. दुपारी कच्च्या भाज्या. चहा बंद. संध्याकाळी गार पाण्यात पिळलेली चादर अंगाभोवती गुंडाळून वर नवी कोरी चार ब्लँकेटे. अक्का पायथ्याशी बसून पहारा देई, आणि थोरलीने हात बाहेर काढला की आत सारी. चहा नाही म्हणून डोके ठणके, कच्च्या भाज्यांनी पोट फुगे, आणि आग होती ती होतीच. मधूनच माल बांधायच्या खोलीतून अक्काचा प्रश्न येई की काही फरक पडला का. थोरलीच्या तोंडी येई की पडला, आगीत तेल पडावे तसा पडला. पण ती गप्प राही, कारण किटली अक्काच्या हाती होती.

अखेर एका संध्याकाळी नवरा चादर पिळून पुढे आला, तेव्हा ती खाटेवर उठून बसली.

"अहो, तापलेलं मेण तुम्ही कधी गार पाण्यात बुडवता का?"

"अगं, तडकेल ना ते."

"मग मी काय मेणापेक्षा स्वस्त आहे?"

नवऱ्याच्या हातातील चादरीचे पाणी पायावर ठिबकत राहिले. तो बाईंनीच सांगितल्याचे पुटपुटला. त्यावर थोरलीने चपला घातल्या व त्याच पावली त्याला घेऊन केंद्र गाठले.

बाई केस पिकलेल्या, मोजके बोलणाऱ्या. सगळी हकिगत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. आपण उपाय अनेक सांगितले हे खरे, पण त्यांतला एकच निवडून पंधरवडाभर करून पाहायचा, मगच दुसरा, आणि आधी पेशंटला घेऊन या, असे आपण बजावले होते, असे त्या म्हणाल्या. नवऱ्याने मान खाली घातली. उपाय तेवढे त्याने ऐकले होते. ते साच्यांसारखे एका दमात भरायचे नसतात, हे त्याच्या डोक्यात शिरलेच नव्हते.

मग बाईंनी थोरलीलाच विचारले की तिला सर्वांत जड काय जाते. आजवर हे कोणी विचारलेच नव्हते. ती म्हणाली, "बंद खोली." बाईंनी सांगितले की जवस मानवत असेल तर घ्या, संध्याकाळचा चहा सोडा, सकाळचा प्या, सैल सुती कपडे घाला, रोज मोकळ्यावर चाला, आणि जिथे जीव घुसमटतो तिथे हवा येऊ द्या. रक्तस्राव इतका असेल तर माती लावून भागणार नाही, स्त्रियांच्या डॉक्टरांकडे जाच, हेही ठणकावले. थोरली तशी गेली. तपासणीत अंगात रक्त कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या.

पण खिडकीचे काय? घरी येऊन ती खाटेवरील ब्लँकेटांकडे पाहत बसली. मेणाला हळूहळू निवायला हवे आणि तिला वारा हवा. दोघांच्या मागण्या निरनिराळ्या होत्या, तर बंदोबस्तही निरनिराळा का नसावा? सकाळी ती चारही ब्लँकेटे उचलून ओतकामाच्या खोलीत गेली. धाकटीने किटली अशी पुढे केली जणू तापलेला निखारा. थोरलीने साचे भरले, एकेका रांगेला ब्लँकेट लपेटले आणि खिडकीची कडी काढली. वारा तिच्या मानेवरून गेला. साच्यांना त्याची खबरही नव्हती.

अक्का दारात आली. काय चालले आहे, असे तिने अशा स्वरात विचारले की धाकटी वातींच्या खोलीत अंतर्धान पावली.

"वन्सं, उपचार चालू आहे," थोरली म्हणाली. "उद्या साचे उकला. एक जरी तडा निघाला तर किटली तुमची."

दुसऱ्या दिवशी अक्काने एकेक मेणबत्ती उचलून नखाने वाजवली. सगळ्या वाजवल्या. मग किटली उचलून थोरलीच्या मेण वितळवायच्या चुलीपाशी ठेवली, आणि जाता जाता भावाला म्हणाली, "त्या खिडकीची बिजागरी किरकिरते. तेल घाल."

आग अजून येते, पण ती येते तेव्हा थोरली खिडकीशी उभी राहते आणि कोणी काही विचारत नाही. आता निजायच्या खोलीतही खिडकी उघडी असते. नवऱ्याला थंडी वाजते. त्याने भीत भीत एक ब्लँकेट परत मागून पाहिले, तर साच्यांचे झाले की बघू, असे उत्तर मिळाले.

येथे हा वृत्तांत पुरा झाला. आपल्या घरातील थोरलीला काय जड जाते हे एकदा तिलाच विचारावे, एवढीच नम्र विनंती. आपण अमूल्य वेळ खर्चून वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला ऋणी,
मेणबत्त्यांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या करणारा पेटीवाला नाना