चुड्याचा हात

माझा उजवा हात बिघडला आहे हे अबोलीनं सांगायची काही गरज नव्हती. तरी तिनं सांगितलंच. भर तालमीत, माइकवर. "चिन्मयी, लग्न झाल्यापासून तुझी गिटार म्हातारी होऊन राहिली वं!"

आमचा बँड तिघींचा. अबोली गाते, नूपुर ड्रम बडवते आणि मी गिटार वाजवते. रविवारी आम्हाला पहिल्यांदाच मोठं स्टेज मिळणार होतं. आमच्या गाण्याच्या मधोमध नुसत्या गिटारचा एक सुसाट तुकडा आहे. तो माझा. कॉलेजात असताना मीच बांधलेला, आणि लोक आम्हाला ओळखतात ते त्या तुकड्यावरून. "शनिवारच्या तालमीत जमला तर ठेवू, नाही तर काढून टाकू," अबोलीनं निकाल देऊन टाकला. माझा तुकडा, आणि काढून टाकू! मला इतका राग आला की परत येताना मेट्रोत एका अनोळखी बाईशी मी उगाचच भांडले. तिला माझी गिटार लागली होती, एवढंच.

हात का आखडतो ते काही केल्या कळेना. पिक, म्हणजे तार छेडायची ती छोटी चकती, हलकी धरून पाहिली. तिचं टोक तेवढंच बाहेर ठेवलं. टिकटिक करत ठेका देणारा मेट्रोनोम लावून मुंगीच्या पावलानं वाजवलं. हळू असेपर्यंत सगळं ठीक. वेग वाढवला की कोपरापासून खांद्यापर्यंत लाकूड. नुसतं मनगट हलायला हवं, तर अख्खा हात वर-खाली व्हायचा, हातपंप मारल्यासारखा. धंतोलीतल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला आणि "हाताला काही झालेलं नाही, ताण घेऊ नका," असं सांगून त्या मोकळ्या झाल्या. ताण घेऊ नका! मी काय तो हौसेनं विकत आणला होता?

गुरुवारी संध्याकाळी मी खोलीत तुकडा घोटत बसले होते. स्वानंद, माझा नवरा, बुटीबोरीच्या कंपनीतून यायचा होता. घरात मी आणि सासूबाई. यमुताई तशा प्रेमळ, पण लग्न नवं होतं आणि आम्ही दोघी एकाच घरात पाहुण्यांसारख्या वागत होतो. "तू घे", "नाही, आधी तुम्ही घ्या" यात चहा गार व्हायचा. त्या दिवशीही त्या वाटाण्याच्या शेंगांची परात घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"एक विचारू काय वं?"

"विचारा ना, आई."

"मले तुझ्या गिटारातलं काही समजत नाही. पण तू हात असा काहून धरून राहिली? मुठीत अंडं असल्यावाणी?"

"बांगड्या आपटतात ना गिटारीवर," मी पटकन म्हणाले, आणि मनगटाकडे पाहिलं. लग्नातला हिरवा चुडा अजून हातात होता. त्यातली एखादी बांगडी वाढली तर यमुताईंना वाईट वाटेल, म्हणून मी मनगट गिटारीच्या लाकडावर टेकवतच नव्हते. अधांतरी धरून वाजवत होते. मी हे कधी ठरवलं नव्हतं. हातानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मग काढून ठेवाच्या ना!" यमुताई म्हणाल्या.

"तुम्हाला चाललं असतं?"

"मले? मी समजली, तुलेच चुड्याची हौस आहे. म्हणून तर बोलली नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही हसू फुटलं. मग साबणाचा हात लावून त्यांनीच माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. आता हात वाऱ्यासारखा सुटणार म्हणून मी ऐटीत वाजवायला बसले. कसला सुटतो! मनगट रिकामं, तरी अधांतरीच. तोच हातपंप. परवा तालीम, आणि हे असं. मी यमुताईंसमोर चक्क रडले.

त्यांनी मला रडू दिलं. मग उठून एक जुनी चादर आणली आणि माझ्या पायाशी अंथरली.

"चुडा उतरवला, पण भेव तर हातातच आहे. घाल परत."

"काय?"

"घाल म्हणते ना. अन् वाजवताना चांगल्या आपट. वाढल्या तर वाढल्या. सीताबर्डीच्या बाजारात बांगड्याईचा काय दुष्काळ पडला?"

मी बांगड्या चढवल्या. पहिल्यांदा अर्थातच जपूनच वाजवलं. "आपट ना वं!" यमुताई कडाडल्या. मी दचकून मनगट लाकडावर सोडलं. खळ्ळ! पुन्हा सोडलं, आणि एक बांगडी टचकन गेली. मी वाजवायची थांबले.

"एक वाढली. चाल पुढं," कुकरची शिट्टी मोजावी तशा स्वरात त्या म्हणाल्या.

आणखी एक गेली, मग आणखी एक. पुढं पुढं मी बांगड्यांकडे बघायचंच सोडलं. मनगट लाकडावर टेकलं, कोपर खाली आलं, खांदा कधी उतरला ते कळलंसुद्धा नाही. आणि तुकडा माझ्या हातून सरसर निघून गेला. तो संपल्यावर मला समजलं की आपण तो वाजवला.

"हे होतं काय!" यमुताईंचे डोळे मोठे झाले होते. "मले इतके दिवस वाटे, तू तारा पुसून राहिली."

शनिवारी त्या माझ्याबरोबर तालमीला आल्या. खोलीतली एकुलती एक चांगली खुर्ची त्यांनी पटकावली. अबोली हाताची घडी घालून उभी राहिली. नूपुरनं ठेका धरला. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातावर होत्या आणि माझा खांदा लागला पुन्हा वर चढायला.

"चिन्मयी, आपट!" खुर्चीतून आवाज आला.

अबोली चमकून वळली. मला हसू आलं आणि हसता हसता हात खाली पडला. उरलेल्या बांगड्या खळखळल्या, तुकडा सुटला, आणि मला गाठताना नूपुरच्या तोंडाला फेस आला. शेवटचा सूर थांबल्यावर अबोली जराशी खाकरली. "राहू दे तुकडा," ती म्हणाली, आणि आतापर्यंत दाबलेलं हसू तिच्या सगळ्या चेहऱ्यावर पसरलं. मला इतका आनंद झाला की गिटारीसकट मी तिला मिठी मारली.

"पण केलं काय यार तू?" नूपुर धापा टाकत म्हणाली. "पहिल्यापेक्षा फास्ट!"

मी मनगट, कोपर, पिक असं काहीतरी सांगणार होते. पण यमुताईच बोलल्या.

"काही नाही वं. आम्ही दोघी एकमेकीले भेऊन राहिलो होतो. आता नाही भेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि गिटारीच्या तारा धूसर दिसायला लागल्या.

"रडून काहून राहिली?" यमुताईंनी खुर्ची ओढून थेट माझ्यासमोर आणली. "वाजव अजून एक डाव. अन् यावेळी मोठ्यानं."