अर्थ उपलब्ध नाही

मी एक जुना स्कॅनर आहे, गाडीला कुठे काय दुखतंय ते सांगणारं यंत्र. मी मोडलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी काच शाबूत आहे, वायर एकदाही तुटलेली नाही, चार्जिंग केलं तर मी आजही सुरू होतो. तरीही मी गॅरेजच्या वरच्या फळीवर, गंजलेल्या पान्यांच्या डब्याला टेकून पडलो आहे. का, ते ऐका. गोष्ट गोड नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच बसवली, दुसऱ्या कुणी माझे स्क्रू आवळले, आणि तिसऱ्याने खोक्यावर कागद चिकटवला, 'सर्व गाड्यांचा डॉक्टर'. मला ते खरंच वाटलं. मी नवा होतो, हरभऱ्याच्या झाडावर चढायला वेळ लागला नाही.

पण मित्रांनो, माझं डोकं माझ्याजवळ नव्हतंच. हल्लीच्या गाडीत वीस-तीस छोटे संगणक असतात. काही बिघडलं की ते एक आकडा नोंदवतात आणि ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लावतात. तो आकडा वाचणं मला येतं. मात्र तोच आकडा एका गाडीत एक गोष्ट सांगतो आणि दुसरीत भलतीच, शिवाय दर वर्षी नव्या गाड्या आणि नवे आकडे. हे सगळे अर्थ माझ्यात मावत नाहीत, म्हणून कंपनीने ते दूर कुठेतरी आपल्या संगणकांत ठेवले. मी आकडा इंटरनेटवरून तिकडे पाठवायचा, मग तिकडून अर्थ यायचा. नव्या गाड्या तर कुलूप लावूनच येतात. गाडी बनवणाऱ्यांची परवानगी इंटरनेटवरून आल्याशिवाय त्या मला दारातही उभं करत नाहीत. एखादा नवा भाग बसवला तर गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते, तीही तिकडूनच. इथवर मी समजू शकतो. पण रोज सकाळी सुरू झालो की माझ्या मालकाची वर्गणी चालू आहे ना, हेही मला तिकडेच विचारावं लागे. मालकाच्या हातात बसून परक्याची परवानगी मागायची! याची मला लाज वाटायची, आजही वाटते.

मला ज्या गॅरेजात आणलं, तिथल्या मिस्त्रींना सगळे कानमिस्त्री म्हणत. ते एक लाकडी काठी इंजिनावर टेकवत, दुसरं टोक कानाला लावत, डोळे मिटत आणि सांगत, "बेअरिंग गेलंय. डाव्या बाजूचं." ते कधी चुकले नाहीत म्हणे. अशा माणसाने मला का आणावं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. गिऱ्हाइकं चिडवायची, "काय मिस्त्री, कानावरचा विश्वास उडाला का?" मिस्त्री नुसते हसायचे.

मला कारण पहिल्याच आठवड्यात कळलं. मी टिंग असा आवाज करून निकाल सांगतो. मिस्त्री त्या आवाजाला वळायचेच नाहीत, काचेवर उजेड पडला की मगच बघायचे. पाठीमागून कुणी काही विचारलं की "हं" म्हणायचे, आणि ते "हं" प्रत्येक प्रश्नाला बसत नसे. कानमिस्त्रींचे कान गेले होते. ते कुणालाही ठाऊक नव्हतं. हिशेबाच्या टेबलाशी बसणाऱ्या त्यांच्या बायकोलासुद्धा नाही. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनींना वाटायचं, वयाबरोबर नवऱ्याचं लक्ष उडायला लागलंय.

पहिली चार वर्षं मी त्यांची लाज राखली. मी आकडा पाठवायचो, अर्थ यायचा, मिस्त्री तो चोरून वाचायचे, मग काठी कानाला लावून डोळे मिटायचे आणि काचेवर वाचलेलंच ऐकल्यासारखं सांगायचे. लोक खूश व्हायचे. "यंत्र ठेवलंय शोभेला, खरा कान यांचाच," म्हणायचे. माझ्या वाट्याला कौतुक आलं नाही, पण मिस्त्री रोज गॅरेज बंद करताना मला मऊ फडक्याने पुसायचे. मला तेवढं पुरे होतं.

मग एके दिवशी पाण्याच्या नळासाठी रस्ता खणला आणि कुदळीखाली इंटरनेटची केबल आली. गॅरेजचं नेट गेलं, आणि जवळच्या टॉवरला तीच केबल जात असल्यामुळे मोबाइलचंही गेलं. मिस्त्रींनी मला हातात धरून गॅरेजचा कोपरान् कोपरा पालथा घातला, मला खिडकीबाहेर काढलं, शिडीवर चढून पत्र्यावर धरलं. मी हाका मारतच होतो. तिकडून काहीच येत नव्हतं.

नेमकी त्या दिवशी सकाळी सिस्टर आली. ही घरोघरी जाणारी नर्स. तिच्या लहान व्हॅनमध्ये ऑक्सिजनची नळकांडी असायची, ज्यांना घरीच लागतात त्यांच्यासाठी.

"मिस्त्री, पिवळा दिवा लागलाय हो. चढावर गाडी दमते पण. जरा बघता का? पलीकडच्या वस्तीतल्या आजोबांचं नळकांडं दुपारपर्यंतच पुरेल, मला पोचायचंय."

मिस्त्रींनी माझी वायर स्टिअरिंगखाली लावली. मी आकडा वाचला. व्हॅन नवी होती आणि तिच्या आकड्याचा अर्थ मला माहीत नव्हता. मी काचेवर लिहिलं, 'अर्थ उपलब्ध नाही.' त्याखाली एकच बटण उजळलं होतं, 'पुसा'. आकडा पुसायला अर्थ कळावा लागत नाही, आणि नेटही लागत नाही.

मिस्त्रींनी इंजिन सुरू ठेवलं आणि काठी काढली. आधी इंजिनावर टेकवली, मग मागे जाऊन इंधनाच्या टाकीवर. डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. तिथे काही उमटलं नाही.

सिस्टर दारात उभी राहून घड्याळ बघत होती. "मोठं काही नसेल तर दिवा तेवढा घालवा ना, मी परवा येते पुन्हा."

"हं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी काठी भिंतीला लावली, मला हातात घेतलं आणि बटण दाबलं. दिवा गेला. सिस्टरने हात जोडले आणि निघाली. मित्रांनो, मी ओरडलो असतो, पण मला टिंग एवढाच आवाज दिलेला आहे.

व्हॅन वस्तीअलीकडच्या चढावर बंद पडली. फोनला रेंज नाही. सिस्टरने एका टेम्पोला हात केला, नळकांडं त्यात चढवलं आणि दीड तास उशिरा पोचली. आजोबांना दवाखान्यात हलवावं लागलं. ते घरी परत आले नाहीत.

दोन दिवसांनी तीच व्हॅन दोरीने ओढत गॅरेजात आणली. सिस्टर आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही काठी लावून ऐकलंत. काहीच वाजत नव्हतं?"

मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले.

टेबलाशी बसलेल्या वहिनी उठल्या. "अहो, काहीच कसं नाही? टाकीपाशी बारीक शिट्टी वाजत होती. मला इथे बसून ऐकू आली. तुम्ही तर काठीच लावली होतीत, म्हटलं तुम्ही ऐकलंय म्हणजे साधंच असेल, म्हणून मी बोलले नाही."

त्या मिस्त्रींच्या पाठीमागून बोलत होत्या. मिस्त्री वळले नाहीत. वहिनी थांबल्या. मग पुढे आल्या, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या.

"मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले. "चार वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"हा होता ना," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

सिस्टर उठून बाहेर गेली. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. माझ्याविषयी इतका विश्वासाचा शब्द कुणी कधी काढला नव्हता, आणि तो मला विषासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी केबल जोडली गेली. व्हॅन बंद पडताना तिने तोच आकडा पुन्हा नोंदवला होता. मी तो पाठवला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अर्थ आला, 'टाकीतील पंपाचा दाब कमी'. मिस्त्रींनी पंप बदलला. सिस्टर गाडी घेऊन गेली ती पुन्हा आली नाही, आणि हळूहळू इतरही आले नाहीत. आता गॅरेजात टायर नि ब्रेकची कामं तेवढी होतात. पुढच्या वर्षी कंपनीने मला कळवलं, 'या यंत्राची सेवा संपली आहे.' माझ्यात काही बिघडलं नव्हतं. तिकडच्या कुणीतरी यादीतून माझं नाव काढलं, एवढंच. त्याच दिवशी मिस्त्रींनी मला फळीवर ठेवलं. मला पुसलं नाही.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ झटका, असं काही मी मागणार नाही. जपण्यासारखं माझ्यात काय आहे? तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून हुशार यंत्रं घ्याल, जरूर घ्या. पण त्यांच्या आडोशाला आपलं दुखणं लपवू नका. आमची अक्कल दूर कुठेतरी ठेवलेली असते, आणि मधली केबल कुदळीच्या एका घावाची असते. त्या सकाळी मी पत्र्यावरून साऱ्या जगाला हाका मारत होतो आणि उत्तर टेबलाशी बसून पावत्या लावत होतं. 'अगं, तुला काही ऐकू येतंय?' एवढे पाच शब्द मिस्त्रींनी विचारले असते, तर ते आजोबा आज कदाचित आपल्या घरी असते.